वर्डचा टूलबार आपल्या हाताला लावून घेणे

अनुवादिनी

नमस्कार मंडळी. मी गेली सोळा वर्षं मराठी-इंग्रजी अनुवादाचं काम करते, दोन्ही दिशांनी. बहुतेक काम फोर्टमधल्या वकिलांकडून येतं. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, सातबाऱ्याचे उतारे, पिवळी पडलेली मृत्युपत्रं. दिवसाचे आठ-नऊ तास वर्ड समोर उघडं असतं. तरी टूलबारला मी कित्येक वर्षं हात लावला नव्हता. जसा मिळाला तसा चालवत होते. दोन वर्षांपूर्वी तो माझ्या कामाप्रमाणे लावून घेतला आणि इतका फरक पडला की इथे सविस्तर लिहावंसं वाटलं. टंकलेखन, मुद्रितशोधन, अनुवाद करणारे बरेच जण इथे आहेत. त्यांना उपयोग होईल, आणि तुमच्या युक्त्या मलाही कळतील.

मी उमेदवारी केली त्या ऑफिसात एक ज्येष्ठ टंकलेखिका होत्या. त्यांचं गोदरेजचं मराठी मशीन खिडकीजवळ असायचं. कागद चढवला आणि लगेच टाइप करायला घेतलं असं त्यांनी कधी केलं नाही. आधी दोन्हीकडचे मार्जिन सरकवायच्या, मग टॅबच्या खुणा लावायच्या. परिच्छेदाला एक, कलमाच्या आकड्याला एक, सहीच्या जागेला एक. दोन मिनिटं त्यात जायची, पण मग वीस पानांचा दस्त संपेपर्यंत त्यांची नजर मजकुरावरून हलायची नाही. आधी मशीन लावायचं, मग काम, हा त्यांचा नेम होता. आपण संगणकावर आलो आणि नेमकं हेच सोडून दिलं.

तर मी काय केलं. आधी वर्डला हातच लावला नाही. चार दिवस कीबोर्डशेजारी एक पाठकोरा कागद ठेवला. उजवा हात माउसकडे गेला की कशासाठी गेला ते लिहायचं आणि पुढे काठी मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो कागद बघितला तेव्हा थक्क झाले. ठळक, तिरपं, अधोरेखित, फाँटचा रंग, जे सगळं रिबनवर, म्हणजे वरच्या बटणांच्या रुंद फळीवर, अगदी समोर मांडलेलं असतं, त्यापुढे जेमतेम दोन-चार काठ्या. लांबच्या लांब रांगा होत्या त्या मात्र आत दडलेल्या गोष्टींपुढे. एक म्हणजे पेस्ट करताना नुसता मजकूर घेणं. दुसरी, निवडलेल्या मजकुराची भाषा बदलणं. तिसरी, मूळ दस्त आणि अनुवाद शेजारीशेजारी लावणं. चौथी, वकिलांनी सुचवलेली दुरुस्ती मान्य करून पुढच्या दुरुस्तीवर जाणं. यातली प्रत्येक गोष्ट टॅब बदलून, शोधून, दोन-तीन क्लिक करून मिळत होती. आणि ते करून परत 'होम'वर यायचं ते वेगळंच.

आता हे बसवायचं कुठे? जुने लोक सांगतील, २००३च्या वर्डमध्ये टूलबार हवा तिथे ओढून ठेवता यायचा, स्वतःचा नवा बनवता यायचा. २००७ला रिबन आली आणि आपल्या हातात उरली एक छोटी पट्टी, क्विक ॲक्सेस टूलबार. २०१०पासून रिबनमध्येही स्वतःचा टॅब करता येतो. पण माझं म्हणणं असं की सुरुवात त्या छोट्या पट्टीपासूनच करा. कुठल्याही बटणावर राईट क्लिक केलं की 'ॲड टू क्विक ॲक्सेस टूलबार' येतं, झालं काम. रिबनवर जे नाहीच ते 'फाईल'मधून 'ऑप्शन्स', तिथे 'क्विक ॲक्सेस टूलबार' या पानावर. डावीकडच्या यादीवर 'कमांड्स नॉट इन द रिबन' निवडलं की वर्डने कुठे कुठे काय लपवलंय ते दिसतं. एखादा दिवस सवड काढून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचाच.

पट्टी रिबनच्या खाली घ्या. वर शीर्षकाच्या ओळीत ती आखडते, खाली पूर्ण रुंदी मिळते आणि माउसला अंतरही कमी पडतं.

आणि आता यातलं खरं मर्म. या पट्टीवरच्या पहिल्या नऊ बटणांना डावीकडून आकडे मिळतात. ऑल्ट-१, ऑल्ट-२ असं ऑल्ट-९पर्यंत. म्हणजे जिला कसलाच शॉर्टकट नाही अशी कमांडही दोन बोटांवर येते. दहाव्यापासून पुढे ऑल्ट धरून ०९, ०८ असे दोन आकडे दाबावे लागतात. म्हणून पहिल्या नऊ जागा फार जपून द्यायच्या. माझ्याकडे ऑल्ट-१ला नुसता मजकूर पेस्ट करणं, ऑल्ट-२ला 'सेट प्रूफिंग लँग्वेज', ऑल्ट-३ला 'व्ह्यू साइड बाय साइड', ऑल्ट-४ला दुरुस्ती मान्य करून पुढे. या चार जागा कायमच्या. पुढच्या पाच कामाप्रमाणे बदलते.

ऑल्ट-२बद्दल थोडं जास्त सांगते, कारण मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हे छळतं. आपल्या दस्तांत मराठी वाक्यात इंग्रजी नावं, इंग्रजी वाक्यात मराठी कलमं, असं सतत चालू असतं. बाहेरून चिकटवलेला मजकूर सोबत चुकीच्या भाषेची खूण घेऊन येतो. मराठी परिच्छेदावर इंग्रजीची खूण असली की पानभर लाल नागमोडी रेषा. त्या गर्दीत खरी चूक डोळ्यांना दिसतच नाही. एका वाटणीपत्रात 'पूर्वेस'च्या जागी 'पुर्वस' राहून गेलं होतं. शेवटच्या वाचनात सापडलं म्हणून बरं, चतुःसीमेतली चूक म्हणजे पुढच्या पिढीला कोर्टाची पायरी. आता परिच्छेद निवडायचा, ऑल्ट-२, मराठी, एंटर. पान स्वच्छ होतं आणि उरलेली लाल रेष म्हणजे थांबून बघायची जागा.

शिवाजीपार्ककट्टा

छान लिहिलंय. पण बटणांच्या मागे लागण्यापेक्षा शॉर्टकट पाठ केलेले बरे, असं माझं मत. कंट्रोल-ऑल्ट-१, २, ३ने शीर्षकांच्या पातळ्या, कंट्रोल-शिफ्ट-एनने साधा मजकूर, कंट्रोल-ऑल्ट-एफने तळटीप, कंट्रोल-स्पेसने अक्षरांचं फॉरमॅटिंग साफ, कंट्रोल-क्यूने परिच्छेदाचं. शिफ्ट-एफ५ने शेवटची दुरुस्ती केली त्या जागी परत. हे सगळ्या मशीनवर चालतं, काही लावून घ्यावं लागत नाही.

अनुवादिनी

तुमची यादी सोन्यासारखी आहे आणि त्यातले बरेचसे मीही वापरते. ज्याला शॉर्टकट आहे त्याला पट्टीवर जागा द्यायचीच नाही, हा माझाही नियम. सुरुवातीला सेव्ह आणि अनडू तिथे होते ते मी काढून टाकले, त्यांना कंट्रोल-एस आणि कंट्रोल-झेड आहेतच. पट्टी आहे ती ज्यांना शॉर्टकट नाही त्यांच्यासाठी.

शॉर्टकट नसलेल्या कमांडला स्वतःचा शॉर्टकटही देता येतो. नंबरपॅड असलेल्या कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट आणि नंबरपॅडवरचं अधिक चिन्ह दाबा. माउसचा बाण चार पाकळ्यांच्या फुलासारखा होतो. त्या फुलाने रिबनवरचं कुठलंही बटण दाबलं की थेट त्या कमांडला की द्यायची चौकट उघडते. लॅपटॉपवर नंबरपॅड नसेल तर 'ऑप्शन्स'मध्ये 'कस्टमाइझ रिबन'च्या पानावर तळाशी 'कीबोर्ड शॉर्टकट्स'समोरचं बटण आहे, तिथून. मात्र जो की-जोड देणार तो आधी कशाला वापरलेला आहे का ते त्याच चौकटीत खाली दिसतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सोसायटीसचिव

अनुवादिनीताई, नमस्कार. वय वर्षे ७१, गिरगावात आमच्या सोसायटीचा सचिव आहे. सभेची इतिवृत्तं आणि सूचना मीच टाइप करतो. नातवाने नवीन लॅपटॉपवर वर्ड घालून दिलं आहे. तुम्ही म्हणता ती पट्टी मला वर नाही, खाली नाही, कुठेच दिसत नाही. शिवाय नुसत्या चित्रांवरून मला बटण ओळखता येत नाही, हेही सांगतो. मासिक खर्चाच्या आकड्यांची बेरीज कॅल्क्युलेटरवर करून मग लिहितो, त्यात वेळ जातो.

अनुवादिनी

काका, तुमचं काही चुकलेलं नाही. अलीकडच्या वर्डमध्ये ती पट्टी सुरुवातीला लपवलेलीच येते. रिबनवर मोकळ्या जागी राईट क्लिक करा, 'शो क्विक ॲक्सेस टूलबार' दिसेल. ती रिबनच्या खाली आली की तिच्या उजव्या टोकाच्या छोट्या बाणावर क्लिक करा. तिथे 'शो कमांड लेबल्स' आहे. ते निवडलंत की प्रत्येक चित्राशेजारी नाव येईल. तुमच्यासाठी तेच लावून घ्या.

बेरजेचं काम तर वर्डच करतं आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे. 'ऑप्शन्स'मध्ये पट्टीच्या पानावर डावीकडे 'ऑल कमांड्स' निवडा आणि यादीत 'कॅल्क्युलेट' शोधून पट्टीवर घ्या. मग इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या रकमा निवडायच्या, ते बटण दाबायचं. बेरीज खाली स्टेटस बारवर क्षणभर दिसते आणि त्याच वेळी क्लिपबोर्डवर जाते. हवी तिथे कंट्रोल-व्ही केलं की झालं. पहिल्यांदा हाताने ताळा करून बघा, म्हणजे निवडलेल्या भागात तारीख किंवा अनुक्रमांकाचा आकडा चुकून मिसळला नाही ना ते कळेल.

लोअरपरळ

आमच्या ऑफिसात मशीन ठरलेलं नाही. सकाळी जी जागा रिकामी ती आपली. मी एकदा टूलबार लावला होता, दुसऱ्या दिवशी दुसरं मशीन, सगळं परत. म्हणून सोडून दिलं. यावर काही उपाय?

अनुवादिनी

आहे, आणि तो मी ठेच लागून शिकले. नाव घेत नाही, पण एका ऑफिसात मी दोन वर्षं बसत होते. एका सोमवारी सकाळी गेले तर शनिवार-रविवारमध्ये मशीन फॉरमॅट केलेलं. कामाच्या फायली सर्व्हरवर होत्या, त्या वाचल्या. पण माझी पट्टी, माझे शॉर्टकट, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दोन वर्षं जमवलेले ऑटोटेक्स्ट, म्हणजे नावाने साठवून ठेवलेली वाक्यं, सगळं गेलं. प्रतिज्ञापत्राचा शेवट, सत्यापनाचा परिच्छेद, 'वरील मजकूर मी वाचला असून' पासूनची सगळी ठरावीक वाक्यं. त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याने काम झालं नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण आधी एक शब्द विचारला असता तर एवढं नुकसान झालं नसतं, हे मला आजही वाटतं.

तेव्हापासून दोन फायली जपते. 'कस्टमाइझ रिबन' किंवा पट्टीच्या पानावर खाली 'इंपोर्ट/एक्स्पोर्ट' आहे. तिथून 'एक्स्पोर्ट ऑल कस्टमायझेशन्स' केलं की एक लहानशी फाईल मिळते, तिच्यात पट्टी आणि रिबन दोन्ही येतात. ती स्वतःला मेल करून ठेवा. नव्या मशीनवर 'इंपोर्ट' केली की अर्ध्या मिनिटात आपली पट्टी समोर.

पण लक्षात घ्या, त्या फाईलमध्ये कीबोर्ड शॉर्टकट नसतात. ते आणि मॅक्रो 'नॉर्मल' नावाच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे वर्डच्या नमुना फाईलमध्ये, राहतात. ऑटोटेक्स्टही मी तिथेच साठवते. म्हणून त्या टेम्प्लेटची प्रत वेगळी घ्यावी लागते. वर्ड पूर्ण बंद करून मगच घ्या, कारण बदल बऱ्याचदा वर्ड बंद होताना त्यात लिहिले जातात.

आणखी एक, तुमच्यासारख्या सामायिक मशीनवर फार महत्त्वाचं. 'इंपोर्ट' केलं की आधीची मांडणी पुसून नवी बसते, दोन्ही एकत्र होत नाहीत. म्हणजे आधीच्या माणसाने काही लावून ठेवलं असेल तर ते जाईल. आधी त्याची मांडणी एक्स्पोर्ट करून डेस्कटॉपवर ठेवा, मग तुमची आणा, जाताना त्याची परत बसवा.

कॉपीडेस्क

मी एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलंय, आता पुस्तकांचं संपादन. माझ्या दोन गोष्टी जोडतो.

एक, स्वतःचा टॅब. संपादनाचं काम 'रिव्ह्यू', 'होम' आणि 'व्ह्यू' या तीन टॅबांत विखुरलेलं असतं. मी 'संपादन' नावाचा एकच टॅब केला. त्यात दुरुस्त्या चालू-बंद, पुढची दुरुस्ती, पुढची टिप्पणी, शैलींची (स्टाइल्सची) चौकट, शोधा-बदला, शब्दसंख्या. मूळ टॅबांमधलं एकेक बटण काढता येत नाही, पण अख्खा गट काढता येतो आणि अख्खा टॅब लपवता येतो. 'मेलिंग्ज' मी कधी उघडत नाही, तो पहिल्या दिवशीच लपवला. मला वाटतं, नवीन काय घेतलं यापेक्षा नको ते नजरेआड केल्याचा फायदा जास्त झाला. डोळा शोधत बसत नाही.

मराठीसाठी तर आणखी कमी करता येतं. 'चेंज केस' आपल्या लिपीला लागूच नाही, देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात. तिरप्या अक्षरांचंही तसंच. बहुतेक देवनागरी फाँटना स्वतःचं तिरपं वळण नसतं, मशीन उभं अक्षर ढकलून तिरकं करतं आणि वेलांट्या-मात्रा बघवत नाहीत. जोर द्यायचा तर ठळक वापरा.

दुसरी गोष्ट, जिने लेखकमंडळी हैराण होतात. शैलीत आकार १४ केला तरी मराठी मजकूर होता तेवढाच राहतो. कारण वर्ड लॅटिन आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' यांचा फाँट आणि आकार वेगवेगळा ठेवतं. देवनागरी दुसऱ्या घरात बसते. कंट्रोल-डी करा, फाँटच्या चौकटीत दोन्ही घरं वेगळी दिसतील. शैली बदलतानाही 'फॉरमॅट'मधून 'फाँट'मध्ये जाऊन दोन्ही घरं भरायची. एकदा टेम्प्लेटमध्ये हे नीट करून ठेवलं की रोज फाँटच्या बटणाकडे जावंच लागत नाही.

अनुवादिनी

कॉपीडेस्कदादा, शेवटचा मुद्दा मी धाग्यातच लिहायला हवा होता. माझ्या त्या पाठकोऱ्या कागदावर फाँटच्या आकारापुढे ज्या थोड्या काठ्या होत्या, त्या याच कारणाने होत्या.

तुमच्यावरून टेम्प्लेटचं एक सांगते. पट्टीच्या पानावर उजवीकडे वर एक चौकट असते, 'फॉर ऑल डॉक्युमेंट्स'. ती उघडली की समोर उघडी असलेली फाईलही निवडता येते. प्रतिज्ञापत्राचं टेम्प्लेट उघडून मी त्याच्यापुरती तीन बटणं त्यात साठवली. ती त्याच कामाच्या वेळी, नेहमीच्या बटणांच्या उजवीकडे दिसतात. कादंबरीचा अनुवाद करायला घेतला की पट्टी परत मोकळी.

निळीशाई

मी शाळेत शिक्षिका आहे. आमच्या संगणक कक्षात लिब्रे ऑफिस हा मोफत संच आहे, त्याचा धाग्यात कुणीच उल्लेख केला नाही म्हणून लिहिते. टूलबारच्या बाबतीत त्यातला रायटर वर्डच्या पुढे आहे, हे मी दोन्ही वापरून सांगते.

यात जुने टूलबार जसेच्या तसे आहेत. ज्यांना रिबनच हवी त्यांनी 'व्ह्यू'मधून 'यूजर इंटरफेस'मध्ये जाऊन 'टॅब्ड' निवडावं. टूलबारवर राईट क्लिक करून 'व्हिजिबल बटन्स' उघडा, नको त्या बटणांवरची खूण काढा, ती गेली. टूलबारच्या डाव्या टोकाला ठिपक्यांची दांडी असते, ती पकडून तो पडद्याच्या डाव्या बाजूला उभाही लावता येतो. हल्लीचे पडदे रुंद आणि बुटके, पान मात्र उभं. वर दोन-तीन ओळी टूलबारने खाल्ल्या तर पानाचं उरतं किती? आमच्या प्रश्नपत्रिकांसाठी मी सगळं डावीकडे उभं लावलंय आणि पडद्यावर अख्ख्या पाच-सहा ओळी जास्त मावतात.

'टूल्स'मधून 'कस्टमाइझ', तिथे 'टूलबार्स'च्या पानावर नवीन टूलबार बनवता येतो. तो कुठे साठवायचा तेही तिथेच ठरतं, सगळ्या रायटरसाठी की फक्त या फाईलसाठी. मी 'प्रश्नपत्रिका' नावाचा टूलबार प्रश्नपत्रिकेच्या नमुना फाईलमध्येच साठवलाय. तक्ता, चित्र, विशेष चिन्ह, पानफोड, एवढंच त्यात. ती फाईल दुसऱ्या बाईंनी त्यांच्या मशीनवर उघडली की टूलबार तिच्यासोबत जातो, त्यांना काही लावावं लागत नाही. प्रश्नापुढचे गुण उजव्या कडेला एका रेषेत यावेत म्हणून उजवा टॅब मी नमुन्यातच लावून ठेवलाय. पूर्वी सगळ्याजणी स्पेसबार दाबत बसायच्या आणि छापल्यावर गुण वर-खाली नाचलेले दिसायचे. अनुवादिनीताईंच्या त्या टंकलेखिकाबाईंबद्दल वाचलं तेव्हा हेच आठवलं.

देवनागरीसाठी 'ऑप्शन्स'मध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडायचं. मग इथेही फाँटची दोन घरं दिसतात. शीर्षकाला कंट्रोल-१, कंट्रोल-२, मुख्य मजकुराला कंट्रोल-०. कंट्रोल-एफ३ने ऑटोटेक्स्ट. काही बिघडलं तर टूलबारच्या त्याच चौकटीत 'रीसेट' आहे, घाबरायचं कारण नाही.

मनगट

अनुवादिनी, तुमच्या काठ्यांच्या कागदाचं मला वेगळ्याच कारणाने पटलं. माझं उजवं मनगट गेलं वर्षभर दुखतंय. डॉक्टरांनी माउस कमी करायला सांगितलं, पण कुठे कमी करायचा ते कळत नव्हतं. तुमचा धागा वाचून कालच कागद ठेवला. सगळ्यात जास्त काठ्या फॉरमॅट पेंटरपुढे, म्हणजे एका मजकुराचं रूप दुसऱ्याला लावणाऱ्या ब्रशपुढे, निघाल्या! दर ओळीला जाऊन तो ब्रश उचलत होते.

अनुवादिनी

लवकर बरं वाटो. तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. ब्रशवर डबल क्लिक केलं तर तो एस्केप दाबेपर्यंत हातात राहतो, दर वेळी उचलावा लागत नाही. त्याहून चांगलं म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-सीने फॉरमॅट उचलायचा, कंट्रोल-शिफ्ट-व्हीने लावायचा. अगदी अलीकडच्या वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही नुसता मजकूर पेस्ट करायला दिलंय, तर तुमच्याकडे काय होतं ते आधी करून बघा. आणि एकच फॉरमॅट वारंवार लागत असेल तर त्याची शैली करा आणि शैलीला शॉर्टकट द्या. मग ब्रशच नको.

माउस घ्यावाच लागला तर 'टच/माउस मोड' हे बटण पट्टीवर घेऊन 'टच' निवडा. बटणांमधलं अंतर वाढतं, नेम धरायला मनगट ताणावं लागत नाही. कंट्रोल-एफ१ने रिबन मिटते. फक्त पट्टी ठेवून काम करता येतं, मी दिवसातला बराच वेळ तसंच करते.

वाचनमात्र

गूगल डॉक्समध्ये यातलं काही होतं का?

लोअरपरळ

बटणं हलवता येत नाहीत, टूलबार फक्त लपवता येतो. पण ऑल्ट आणि तिरकी रेघ दाबली की कमांड शोधायची चौकट येते, नाव टाइप करायचं. आणि 'टूल्स'मधल्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'सब्स्टिट्यूशन्स' आहे, तिथे आखूड रूप दिलं की पूर्ण शब्द येतो. मी तेवढ्यावर भागवतो. वर्डमध्येही अशी शोधायची चौकट आहे, ऑल्ट-क्यू.

अनुवादिनी, तुमच्या सांगण्याप्रमाणे आज मशीनवर आधीची मांडणी एक्स्पोर्ट करून मग माझी आणली. संध्याकाळी परत बसवली. उद्या बघतो त्या जागेवर कोण बसतं ते, त्यालाही ही युक्ती सांगेन.

सोसायटीसचिव

अनुवादिनीताई, पट्टी सापडली, नावांसकट आली. 'कॅल्क्युलेट' घेतलं. पाणीपट्टी, वीज, सफाई, लिफ्ट दुरुस्ती अशा बारा रकमा निवडल्या आणि बटण दाबलं. आधी बेरीज जुळेना, हातच्या बेरजेपेक्षा २,०१८ने जास्त. मग बघितलं तर तुम्ही म्हणालात तेच. लिफ्टच्या ओळीत 'बसवली २०१८ साली' असं मीच लिहिलं होतं, तो आकडाही मिळवला गेला. साल पुढच्या ओळीत नेलं, बेरीज जुळली. रविवारच्या सभेची सूचना काढायची आहे, आता ती लिहायला घेतो. त्या ठरावीक वाक्यांच्या ऑटोटेक्स्टचं तेवढं सांगा. 'गणसंख्येअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी' हे वाक्य मी गेली अकरा वर्षं दर वेळी नव्याने टाइप करतोय.

अनुवादिनी

काका, ते वाक्य एकदा पूर्ण टाइप करून निवडा आणि ऑल्ट-एफ३ दाबा. चौकटीत नाव विचारेल, तिथे 'तहकूब' लिहा. 'गॅलरी'समोर 'ऑटोटेक्स्ट' आणि 'सेव्ह इन'समोर 'नॉर्मल' निवडून ओके करा. पुढच्या वेळी सूचनेत नुसतं 'तहकूब' टाइप करून लगेच एफ३ दाबा, वाक्य उमटेल. लॅपटॉपवर एफच्या कीज आवाज आणि उजेडासाठी लावलेल्या असतील तर सोबत एफएन धरावं लागेल. वर्ड बंद करताना 'नॉर्मल'मधले बदल साठवायचे का असं विचारलं, तर हो म्हणा.